दुसरा आणि चौथा स्लॉट

रॅम वाढवायची म्हणजे दुकानातून मोठा आकडा विकत आणायचा, अशी बहुतेकांची समजूत असते. भाच्याचीही तीच होती. तो आर्किटेक्चरला आहे. रेंडर लावून शेजारी ब्राउझरच्या पाच-पंचवीस टॅब उघडल्या की त्याने स्वतः जोडलेलं मशीन हटून बसायचं. "मामा, लॅमिंग्टन रोडला जाऊ, अजून एक सोळा जीबीची स्टिक टाकू." म्हटलं, आधी आत काय आहे ते तरी बघू.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरी उघडली. 8 जीबी काठोकाठ भरलेली, म्हणजे रॅम कमी पडत होती हे खरंच. पण वेग दिसत होता 2400, आणि स्टिकवर छापलेलं होतं 3200. यात दुकानदाराने काही फसवलेलं नव्हतं. स्टिकवर एक बारीक चिप असते, बोर्ड तिच्यातला बिनधोक वेग वाचतो आणि त्यावरच चालू पडतो. छापलेला वेग एक्सएमपी नावाच्या वेगळ्या नोंदीत असतो आणि ती बायॉसमध्ये जाऊन आपण चालू करावी लागते. कित्येक जण वरच्या वेगाचे पैसे मोजतात आणि मशीन भंगारात जाईपर्यंत खालच्याच वेगाने वापरतात.

दुसरी उणीव म्हणजे स्टिक एकटी होती. प्रोसेसर मेमरीशी दोन वाटांनी बोलू शकतो, प्रत्येक वाट 64 बिटांची. 3200 च्या वेगाला एका वाटेने सेकंदाला 25.6 जीबी जातात, दोन्हींनी 51.2. जुन्या 8 ला नवी 16 जोडली तर मशीन चालतं, पण वरचे 8 जीबी एकाच वाटेवर राहतात. शिवाय वेगवेगळ्या स्टिकांचं एकमेकींशी जमेलच याचा भरवसा नाही. नंबर तोच असला तरी आतल्या चिपा बदललेल्या असू शकतात. माझं मत पक्कं आहे: एकाच पाकिटातली जोडी घ्यावी. आम्ही 16 ची जोडी आणली.

प्लग काढला आणि पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला. (मुंबईच्या दमट हवेत अंगावर स्थिर वीज फारशी साठत नाही, तरी सवय असलेली बरी.) कुलरचा पंखा पहिल्या स्लॉटवर आला होता. त्याने काही अडत नाही, कारण दोन स्टिका लावायच्या त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर तारा आधी जवळच्या स्लॉटला आणि तिथून पुढच्याला जातात. स्टिक जवळच्या स्लॉटमध्ये बसवली की पुढची मोकळी तार सिग्नल परत उसळवते, आणि वरच्या वेगाला ते भोवतं.

खाच जुळवली की स्टिक उलटी बसूच शकत नाही. खरी परीक्षा दाबताना. हजारो रुपयांचा बोर्ड आपल्या अंगठ्याखाली वाकतोय, हे बघवत नाही. त्याच्या बोर्डावर चाप एकाच टोकाला होता. त्या टोकाला खट् आवाज झाला आणि त्याने हात काढला. वाकून पाहिलं तर दुसरं टोक केसभर वर, सोनेरी पट्टीची रेघ अजून दिसत होती. पुन्हा दाबल्यावर ती रेघ आत गेली.

सुरू केल्यावर पडदा काळाच. भाच्याचा चेहराही. नव्या रॅमशी वेळ जुळवताना बोर्ड स्वतःच एक-दोनदा बंद-चालू होतो, तेव्हा लगेच बटणाशी खेळू नये. पंखे थांबले, फिरले आणि बायॉस उघडलं. एक्सएमपी चालू करून सेव्ह केलं आणि रात्रभर रॅम तपासणारी मेमटेस्ट लावून ठेवली. घरोघर हीच पायरी गाळली जाते. मग महिन्याभराने निळा पडदा आला की लोक विंडोजला शिव्या घालतात. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्य होतं.

निघालेली 8 जीबीची स्टिक वर्गातल्या मैत्रिणीला देता येईल का, असं त्याने विचारलं. तिच्याकडून बोर्डाचा फोटो मागवला. निघाला डीडीआर3 चा, 240 पिनांचा. ही डीडीआर4, 288 पिनांची, खाचही वेगळ्या जागी. विकायला काढली.