होडीवरची शोभेची पट्टी

महापे गावाच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी आहे. खाडीतल्या होड्यांच्या कडेने रंगाचे पट्टे दिसतात. घरी लाकडी होडी बांधताना रंगाऐवजी गडद सागवानात फिकट लाकडाची पट्टी बसवता येते. मात्र तिचे तंतू फळीच्या तंतूंना समांतर हवेत. असे का?

कोरडे लाकूड पाण्याने पूर्ण भिजले, की तंतूंच्या आडव्या दिशेने साधारणपणे ३ ते १० टक्के फुगते. तंतूंच्या दिशेने बहुधा पाव टक्काही नाही. तंतू काटकोनात ठेवले, तर पट्टी व फळी एकमेकींना ताणतील, सांधा उकलेल आणि पाणी आत शिरेल.

पट्टी पातळ असावी. जाडी निम्मी केली, की वाकण्याला होणारा विरोध १/८ उरतो. सारख्याच लांबी-रुंदीच्या, पण जाड व पातळ कामट्या वर्गात वाकवून पाहा.