रक्षाकलश धरलेली नटी

एका फ्रेंच चित्राची प्रत आमच्यासमोर आहे. तींत एका स्त्रीनें रक्षाकलश उराशीं धरला असून तिची दृष्टि वर आकाशाकडे लागली आहे. ही आद्रिएन लकुव्हर नांवाची नटी. शार्ल-आंत्वान क्वापेल (१६९४–१७५२) यानें हिचें चित्र काढलें, व त्यावरून पिएर-अँबेर द्रव्हे यानें १७३० मध्यें ताम्रपटावर खोदकाम केलें.

त्या काळच्या फ्रेंच चित्रकलेच्या संप्रदायास रोकोको म्हणतात. गुलाबी गाल, रेशमी वस्त्रें, उपवनांतील क्रीडा हे त्याचे आवडते विषय. येथें मात्र शोक हाच अलंकार आहे. नटी कोर्नेय या नाटककाराच्या शोकान्तिकेंतील कॉर्नेलिया झाली आहे. कलशांत तिच्या मारल्या गेलेल्या पतीची, रोमन सेनापति पाँपीची, रक्षा आहे.

लकुव्हरचा जन्म १६९२ मध्यें एका टोप्या करणाऱ्याच्या घरीं झाला. १७१७ मध्यें ती पॅरिसच्या कॉमेदी फ्रांसेझ या राजाश्रित नाट्यसंस्थेंत आली. त्या काळीं नट पद्यें सूर लावून, ताणून म्हणत. हिनें तीं माणसें बोलतात तशीं म्हटलीं. वर्गांत श्लोक म्हणवून घेतांना "अर्थ समजून म्हणा" असें आम्हीं मुलांस किती वेळां सांगितलें असेल!

२० मार्च १७३० रोजीं, वयाच्या ३७ व्या वर्षीं, ती वारली. मरणापूर्वीं आपला धंदा न त्यागणाऱ्या नटास फ्रान्समधील धर्माधिकारी विधिपूर्वक दफन नाकारीत. हिनें तो त्यागला नव्हता. तेव्हां तिचें प्रेत रात्रीं नेऊन सीन नदीनजीक एका ओसाड जागेंत पुरण्यांत आलें. वर खुणेचा दगडहि नाहीं. परक्याची रक्षा जिनें रंगभूमीवर इतक्या आदरानें मिरविली, तिच्या देहास मूठभर माती मानानें मिळाली नाहीं!

व्होल्तेर तिचा स्नेही. त्यानें संतापून शोककाव्य रचिलें. त्याच वर्षीं लंडनची नटी अॅन ओल्डफील्ड वारली, तिला वेस्टमिन्स्टर अॅबेंत राजेरजवाड्यांच्या शेजारीं जागा मिळाली. हा भेद त्यानें पुढें आपल्या इंग्लंडविषयक पत्रांत दाखविला.

फ्रेंचांस दोष देण्यापूर्वीं आपण स्वतःकडेहि पाहिलें पाहिजे. नाट्यास पांचवा वेद म्हणणारे भरतमुनि आमचे; आणि कुशीलवास श्राद्धाच्या पंक्तींत वर्ज्य मानणारी मनुस्मृतिहि आमचीच. रात्रीं ज्याच्या अभिनयानें डोळे पाणावले, त्यास सकाळीं उंबऱ्याबाहेर उभें करावयाचें, ही कृतघ्नता कोणत्याहि एका देशाची नव्हे. नटीचें थडगें उरलें नाहीं, चित्र उरलें आहे; तें पाहतांना एवढें ध्यानांत राहिलें तरी पुरे.