मासा लहान, म्हणून शांत?

खाऱ्या पाण्याची टाकी घरी आणली की नजर आधी जाते निळ्याशार डॅमसेलवर. बोटाएवढा, स्वस्त आणि काटक. 'एवढासा मासा कुणाला काय त्रास देणार?' असे वाटते, आणि या छंदातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. प्रवाळखडकावर डॅमसेलची स्वतःची हद्द असते आणि आपल्याहून मोठ्या माशालाही तो तिथे फिरकू देत नाही. समुद्रात हुसकावलेला मासा दूर निघून जातो. शंभर लिटरच्या टाकीत तो जाणार कुठे? कोपऱ्यात दबून राहतो, खाणे सोडतो आणि मरतो. हिरवट क्रोमिस याच कुळातला. समुद्रात त्याचे थवे असतात म्हणून लोक पाच-सहा घेतात. टाकीत मात्र ते दुबळ्याला एकेक करून छळतात आणि शेवटी अनेकदा एकच उरतो. तेव्हा माशाची लांबी नव्हे, वागणूक पाहा. फायरफिश आणि बांगाई कार्डिनल खरोखर गरीब स्वभावाचे. फायरफिश दचकला की टाकीबाहेर उडी मारतो, त्यामुळे वर जाळी हवीच.

2003 च्या 'फाइंडिंग नीमो'पासून क्लाऊनफिशला सी ॲनिमोन लागतेच, असे घरोघरी मानले जाते. समुद्रात या ॲनिमोनच्या विषारी स्पर्शकांत हा मासा शत्रूपासून लपतो. टाकीत शत्रूच नसेल तर त्यावाचून तो सुखाने जगतो. उलट ॲनिमोनलाच प्रखर प्रकाश आणि कित्येक महिने स्थिरावलेली टाकी लागते. नव्या टाकीत ते मरते आणि पाणीही नासवते. जोडीसाठी नर-मादी शोधत बसू नये. सगळे क्लाऊनफिश आधी नर असतात, त्यांतला वरचढ मादी होतो. लहान-मोठी दोन पिल्ले एकत्र सोडली की जोडी बहुधा आपोआप जमते.

पाण्याबद्दल थोडक्यात: स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. आरओच्या पाण्यात मत्स्यालयासाठीचे सागरी मीठ मिसळून क्षारता लिटरला सुमारे 35 ग्रॅम ठेवावी. बाष्पीभवनात पाणी उडते, मीठ मागेच राहते. म्हणून घट गोड्या पाण्याने भरावी. माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे यांतून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात, तोवर मासे सोडू नयेत. छोटी टाकी सोपी, हेही खोटे. थोड्या पाण्यात क्षारता आणि तापमान झपाट्याने बदलतात.

समुद्री मासे समुद्रातूनच पकडावे लागतात, ही समजूतही आता जुनी झाली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशची पैदास हॅचरीत यशस्वी केली आहे. बांगाई कार्डिनलही टाकीत वाढतो. नर अंडी तोंडात उबवतो. हा मासा मूळचा इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवतीचा, आणि बेसुमार पकडीमुळे 2007 पासून आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोकाग्रस्त यादीत आहे.

मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून टाकीत ठेवू नका. दगडी प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. आणि दुकानात किंमत विचारण्याआधी विचारा, हा मासा हॅचरीतला आहे का? उत्तर धड मिळाले नाही, तर तो घेऊ नका.