पुन्हा दाखल होणाऱ्या रुग्णाविषयी : एका चित्रकथेच्या निमित्ताने



व्यसनमुक्ती कक्षाच्या जमाखर्चाचा तपशील या अहवालाच्या ताळेबंदात दिलेला आहेच. तथापि त्यातील एका रकमेविषयी विश्वस्त मंडळाच्या सभेत प्रश्न उपस्थित झाला. एकदा उपचार घेऊन घरी गेलेले काही रुग्ण पुन्हा दाखल झाले व त्यांनाही पूर्वीप्रमाणेच सवलत देण्यात आली. ज्याच्यावर एकदा खर्च केला तो पुन्हा त्याच वाटेने गेला, तर देणगीदारांचा पैसा दुसऱ्यांदा का लावावा, असा तो प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे पदवीधर. बुडीत खाते ओळखण्याची सवय हाडीमाशी खिळलेली. कक्ष सुरू झाला तेव्हा हीच शंका आम्हीच प्रथम काढली होती, हे प्रांजळपणे नमूद करावयास हवे.

त्या शंकेचे उत्तर आम्हास अनपेक्षित ठिकाणी सापडले. एका हितचिंतकांनी बालरुग्ण विभागासाठी इंग्रजी चित्रकथांची एक पेटी दिली. मुलांच्या हाती देण्यापूर्वी ती चाळणे हे आमचे कर्तव्य, म्हणून चाळू लागलो आणि एका अंकापाशी थांबलो. मुखपृष्ठावर एक तरुण व्यसनाच्या साहित्यासह बसलेला, आणि त्याचा पालक, जो धनुर्धारी महावीर म्हणून प्रसिद्ध, तो हे पाहून हादरलेला. असे चित्र मुलांच्या पुस्तकावर का असावे, हे समजून घेण्यासाठी आम्ही पुढे वाचीत गेलो.

ही कथा १९७१ सालची, अमेरिकेतील. 'ग्रीन लँटर्न' मालिकेच्या ८५ व ८६ क्रमांकाच्या अंकांत ती आली. लेखक डेनी ओ'नील, चित्रकार नील अ‍ॅडम्स. त्यापूर्वी असा विषय छापणेच अशक्य होते. १९५४ साली तेथील प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता घालून घेतली होती व तिच्या मंडळाचा शिक्का मुखपृष्ठावर नसेल तर अंकाची विक्री कठीण होत असे. १९७० साली अमेरिकी शासनाच्या आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याने मार्व्हल प्रकाशनाचे संपादक स्टॅन ली यांना अमली पदार्थांच्या धोक्यावर कथा लिहिण्याची विनंती केली. त्यांनी स्पायडरमॅनच्या तीन अंकांत ती लिहिली. नायकाचा मित्र हॅरी हा गोळ्यांच्या आहारी जातो, असे तिचे कथानक. मंडळाने शिक्का नाकारला. प्रकाशकांनी शिक्क्याविना अंक काढले आणि १९७१ सालीच नियम बदलला. व्यसन वाईट आहे असे सांगण्यासाठीसुद्धा व्यसनाचे नाव घेऊ न देणारा नियम कोणाचे रक्षण करीत होता, हा प्रश्न आमच्या मनात राहून गेला. व्यसनी मुलाचे नाव घरात न घेणारी कुटुंबे आम्ही दररोज पाहतो.

आता मूळ कथेकडे वळू. ऑलिव्हर क्वीन ऊर्फ 'ग्रीन अ‍ॅरो' याने रॉय हार्पर या मुलाला आपल्या आश्रयाने वाढविले, धनुर्विद्या शिकविली, 'स्पीडी' या नावाने सहकारी केले. पुढे ऑलिव्हर अन्यायनिवारणार्थ देशभर फिरत राहिला आणि रॉय मागे एकटा राहिला. गर्दुल्ल्यांच्या टोळक्यात रॉय सापडतो तेव्हा ऑलिव्हर समजतो की हा गुप्तपणे तपास करीत असावा. रॉय आडून आडून सांगू पाहतो की पालकाचे लक्ष नसलेला एखादा मुलगा असा वाहवत जाऊ शकेल. ऑलिव्हर ते हसण्यावारी नेतो. पुढे त्याला प्रत्यक्ष हेरॉइन टोचून घेताना पाहतो तेव्हा त्याच्यावर हात उगारतो आणि घराबाहेर काढतो.

हे पान वाचताना आम्हास आमच्या नोंदणी खिडकीसमोरील बाकाची आठवण झाली. तेथे बसलेले वडील बहुधा हेच सांगतात : "साहेब, आम्ही त्याला काही कमी केले नाही."

रॉयला आधार देते ती ब्लॅक कॅनरी. तिच्याजवळ शस्त्र नाही, औषध नाही. तो थरथरतो, घामाने भिजतो, कळवळतो आणि ती बसून राहते. दरम्यान नायक या व्यापाराच्या सूत्रधाराचा शोध घेतात, तो निघतो समाजात मान असलेला धनिक उद्योगपती. शेवटी रॉय परततो, ऑलिव्हरला एक ठोसा लगावतो, आपण भोगलेल्या वेदनेचा लहानसा वाटा त्यालाही मिळावा म्हणून, आणि स्वतःच्या पायांवर निघून जातो. न्यूयॉर्कचे तत्कालीन महापौर जॉन लिंडसे यांनी या कथेची दखल घेऊन पत्र लिहिले व ते पुढील अंकात छापले गेले.

कथा उत्तम, पण आमच्या कक्षातील डॉक्टरांना ती वाचावयास दिली तेव्हा त्यांनी एक आक्षेप घेतला व तो आम्हास पूर्णपणे पटला. हेरॉइन सोडल्यावर होणारा शारीरिक त्रास काही तासांत सुरू होतो, दोन-तीन दिवसांत शिगेला पोहोचतो व साधारण आठवडाभरात ओसरतो. चित्रकथा तेथेच संपते. उपचार तेथे सुरू होतो. कथेतील सोडवणूक औषधाविना आहे. वस्तुतः १९७१ पूर्वीच न्यूयॉर्कमध्ये मेथाडोन देऊन उपचार करण्याची पद्धत रूढ होऊ लागली होती. दारूच्या बाबतीत तर वैद्यकीय देखरेखीविना एकाएकी सोडणे जिवावर बेतू शकते. शिवाय काही काळ बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती घटलेली असते. अशा वेळी पूर्वीचीच मात्रा घेतली तर मृत्यू ओढवू शकतो. म्हणजे पुन्हा पाय घसरलेला रुग्ण हा पहिल्यापेक्षा अधिक धोक्यात असतो, आणि आम्ही नेमकी त्याचीच सवलत कापावयास निघालो होतो.

पेटीत 'आयर्न मॅन'चेही काही अंक होते. कारखानदार टोनी स्टार्क १९७९ सालच्या अंकांत दारूच्या आहारी जातो, मैत्रीण बेथनीच्या मदतीने सावरतो. पदवी वाणिज्याची असल्याने आमचे लक्ष एका तपशिलाने वेधून घेतले : त्याचा विश्वासू सेवक जार्विस याने आईच्या उपचारासाठी कंपनीचे आपले दोन शेअर कर्जापोटी तारण ठेवलेले असतात, आणि ते वेळेवर सोडविले जात नाहीत. व्यसनाची किंमत कोणाच्या खात्यातून जाते, हे इतक्या थोडक्यात आम्ही अन्यत्र वाचलेले नाही. परंतु महत्त्वाचे पुढेच आहे. १९८३च्या सुमारास हाच स्टार्क पुन्हा पितो. कंपनी जाते, चिलखत मित्राकडे जाते, तो रस्त्यावर येतो. १९८४च्या एका अंकात हिमवादळाच्या रात्री एक निराधार स्त्री प्रसूत होऊन मृत्यू पावते आणि तिचे नवजात बालक स्टार्क आपल्या अंगाच्या उबेने वाचवितो. तेथून तो परत उभा राहतो. ही मालिका लिहिणारे पुन्हा डेनी ओ'नीलच. रॉयला थोड्या दिवसांत बरे करणाऱ्या लेखकाने बारा वर्षांनी नायकाला दुसऱ्यांदा पडू दिले, हे आम्हास अधिक खरे वाटले.

वैद्यकशास्त्रही याला दुजोरा देते. २००० साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित लेखात व्यसनाधीनतेची तुलना मधुमेह, उच्च रक्तदाब व दमा यांच्याशी केली गेली. या विकारांतही कित्येक रुग्ण पथ्य मोडतात, औषध चुकवितात व पुन्हा दाखल होतात. साखर वाढलेल्या रुग्णास "तुम्ही मागील वर्षी येऊन गेलात" असे सांगून आपण परत पाठवीत नाही.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. १९८०च्या दशकात गर्द आपल्या शहरांत शिरली तेव्हा अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. त्या देणगीदारांनीही कोण कितव्यांदा आला, अशी अट घातल्याचे आमच्या वाचनात नाही.

विश्वस्त मंडळापुढे आम्ही ठेवलेला प्रस्ताव असा आहे : पुनर्दाखल रुग्णाची सवलत पूर्ववत राहावी, मात्र त्याच्यासोबत कुटुंबातील एका व्यक्तीने साप्ताहिक भेटीस उपस्थित राहणे आवश्यक असावे. प्रस्ताव पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर आहे. चित्रकथांची पेटी तूर्त बालरुग्ण विभागात न देता कुटुंबियांच्या प्रतीक्षा कक्षात ठेविली असून संवादांचा मराठी सारांश आमच्या समुपदेशिका ताईंनी वहीत उतरवून दिला आहे. मुलांसाठी गोष्टींची मराठी पुस्तके कोणी देऊ इच्छीत असल्यास कार्यालयात सकाळी दहा ते पाच या वेळेत ती स्वीकारली जातील.