हिमोग्लोबिन बरे आहे, मग थकवा कशाचा?

डहाणू तालुक्यातील वरोर हे समुद्रकाठचे, मासेमारीवर जगणारे गाव. समजा, तेथील शाळेत जून महिन्यात पालकसभा भरली आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आहेत. सभा संपल्यावर चौथीतल्या मुलीची आई थोडी मागे राहते. मुलगी हल्ली शाळेत गप्प असते म्हणून बाईंनीच तिला थांबायला सांगितले आहे.

"ताई, घरी सगळे बरे आहे ना?"

"बरेच आहे, बाई. माझ्याच अंगात त्राण नाही. सकाळी उठवत नाही. सहा-सात महिने झाले."

"दवाखान्यात दाखवलेत?"

"दाखवले ना. रक्त कमी असेल म्हणाले, लाल गोळ्या दिल्या. त्या संपल्या, पण अंग तसेच."

ही आई काल्पनिक असली तरी हा संवाद आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला असेल. आपल्या मनातले उत्तरही ठरलेले असते : रक्त कमी. विज्ञानाच्या तासाला आपणच शिकवतो की लोह कमी पडले की हिमोग्लोबिन कमी होते, पेशींना प्राणवायू पुरत नाही आणि माणूस थकतो. यात चूक काही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे आपला अंदाज निम्म्या वेळा तरी बरोबर ठरावा. पण थकलेल्या बाईचा थकवा रक्तामुळेच आहे, हे कोणी तपासून पाहिले आहे का?

पाहिले आहे, आणि तेही आपल्या शेजारी गोव्यात. उत्तर गोव्यातील हळदोणे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरातील १८ ते ५० वयाच्या ३००० स्त्रिया चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडण्यात आल्या. त्यांपैकी २४९४ जणींनी भाग घेतला. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले हे काम २००५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. दवाखान्यात आलेल्या स्त्रियाच न घेता गावातल्या कोणत्याही स्त्रिया घेतल्या होत्या, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. नाहीतर आधीच आजारी असलेल्यांचेच चित्र उमटले असते. प्रत्येकीला सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ थकवा आहे का, हे विचारले. घरची परिस्थिती, कर्ज, उपासमार, नवऱ्याची वागणूक यांविषयी प्रश्न विचारले. मनाच्या अस्वास्थ्याची लक्षणे मोजणारी एक प्रश्नावलीही भरून घेतली. आणि रक्त तपासले.

दर १०० स्त्रियांमागे सुमारे १२ जणींना असा दीर्घकाळचा थकवा होता. हिमोग्लोबिनच्या प्रमाणाशी मात्र त्याचा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो वेगळ्याच गोष्टींशी. कमी शिक्षण, घरावरचे कर्ज, गेल्या काही महिन्यांत पोटभर न मिळालेले अन्न यांच्याशी. नवऱ्याकडून होणाऱ्या लैंगिक अत्याचाराशी. आणि फार ठळकपणे, चिंता व नैराश्याच्या लक्षणांशी. किडकिडीत बायकांमध्येही थकवा अधिक होता.

येथे विज्ञानशिक्षक म्हणून थोडे थांबले पाहिजे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. नैराश्यामुळे थकवा येतो, तसा सततच्या थकव्याने माणूस निराशही होऊ शकतो. एकदाच केलेल्या पाहणीवरून दिशा ठरवता येत नाही. शिवाय हळदोणे म्हणजे डहाणू-तलासरी नव्हे. येथल्या पाड्यांवर कुपोषणाचा प्रश्न जुना आणि खरा आहे. म्हणून 'लोहाच्या गोळ्या नकोत' असा अर्थ कोणी कृपा करून काढू नये. रक्त तपासावेच, थायरॉईड, मधुमेह, क्षय यांचीही शंका डॉक्टरांनी फेडावी. पण तपासण्या ठीक आल्या की आपण सहसा काय म्हणतो? "तुला काही झालेले नाही." या पाहणीमुळे ते वाक्य मात्र खोटे ठरते.

मनाचा त्रास शरीरात कसा उतरतो? संकट आले की मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात. हृदय जोराने धडधडते, स्नायू ताठ होतात, झोप उडते. कुत्रा मागे लागला तर हे सारे उपयोगाचे. कुत्रा दोन मिनिटांत निघून जातो. सावकाराचे कर्ज, दारू पिऊन येणारा नवरा, आजारी मूल हे निघून जात नाहीत. शरीर सतत सज्ज राहते. झोप तुटक होते, पहाटे जाग येते, भूक मरते, मान-पाठ दुखते, आणि सकाळी अंगात त्राण नसते. हे नाटक नव्हे की आळस नव्हे. बाईला जे जाणवते, तेच ती सांगत असते.

दुसरे कारण भाषेचे आहे. 'नैराश्य' हा पुस्तकातला शब्द. घरात कोणी "मला नैराश्य आले आहे" म्हणत नाही. "टेन्शन आहे", "जिवाला चैन नाही", "डोके जड झाले", "अंग मोडून आले" असे म्हटले जाते. दुखणाऱ्या अंगासाठी दवाखान्यात जाता येते, सासूही अडवत नाही. दुखणाऱ्या मनासाठी कोठे जायचे? लोक वेडी ठरवतील ही भीती तर आहेच.

वरोरच्या किनाऱ्यावर ओझी काही थोडी नाहीत. मासळी निवडणे, सुकवणे, विकणे हे बहुतांशी बायकांचे काम, घरचे वेगळे. बंदीच्या दोन महिन्यांत उत्पन्न आटते, खर्च आटत नाही. त्यात शेजारच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. बंदर हवे की नको हा वाद आपल्या लेखाचा विषय नाही. पण मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षे विरोध केला आहे, आणि उद्या मासे कोठे धरायचे हा प्रश्न घराघरात आहे. गोव्याच्या पाहणीत कर्ज आणि भूक ही थकव्याबरोबर दिसली होती. मनाच्या आजाराला फक्त 'विचार करू नकोस' हे औषध देणाऱ्यांनी हे आठवावे.

मग उपाय काय? मनोविकारतज्ज्ञ गावोगावी नाहीत, आणि नजीकच्या काळात असतील असेही दिसत नाही. पण येथेही गोव्यातील एक प्रयोग मार्ग दाखवतो. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे ५०० जणांवर दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तो झाला. त्यांत स्त्रियाच अधिक होत्या. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्यांच्या जोडीला सहा ते आठ वेळा समुपदेशन मिळाले, तेही तज्ज्ञांकडून नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या सर्वसामान्य माणसांकडून. तीन महिन्यांनी पहिल्या गटातील ३९ टक्के, तर दुसऱ्या गटातील ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. ही माहिती २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आली.

या समुपदेशनात उपदेश फारसा नव्हता. त्यामागचा विचार असा : मन खचले की माणूस एकेक गोष्ट सोडतो. बाई आधी भजनाला जाणे सोडते, मग शेजारणीकडे बसणे, मग केस विंचरणे. जे सोडले त्यातूनच थोडा आनंद, थोडी सोबत मिळत होती. ती बंद झाल्यावर मन आणखी खचते. हे चक्र मनाच्या बाजूने फोडणे अवघड असते, कारण "आनंदी हो" म्हटल्याने कोणी आनंदी होत नाही. ते कृतीच्या बाजूने फोडता येते. मन लागो न लागो, या आठवड्यात दोनदा संध्याकाळी बहिणीकडे जायचे, असे छोटे काम समुपदेशक त्या व्यक्तीबरोबर बसून ठरवतो. पुढच्या भेटीत ते जमले का, नसेल तर काय आड आले, हे पाहतो. आड आलेले बहुधा खरेच असते, आणि त्यावरही दोघे मिळून वाट काढतात.

आपल्या राज्यात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' या कार्यक्रमात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना असेच प्रशिक्षण दिले गेले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले.

आता पुन्हा त्या पालकसभेत येऊ. बाईंनी निदान करायचे नाही आणि गोळीही सुचवायची नाही. पण सासू, नवरा, इतर पालक जवळ नसताना चार प्रश्न विचारता येतात. झोप कशी लागते? जेवण जाते का? पूर्वी आवडायचे ते अजून करावेसे वाटते का? घरात कोणाची भीती वाटते का? शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो, तरी विचारावा. उत्तर नाही मिळाले तर रेटू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात "थकव्याबरोबर मनाचाही त्रास आहे" असे स्पष्ट सांगायला तिला सुचवावे. आशाताईंना सोबत घेता आले तर उत्तम. मार होत असेल तर १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे. आणि "जगून काय करू" असे शब्द आले, तर ते बोलण्याच्या ओघात आले असे समजू नये. मरण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट बाई मोकळी होते. तिला एकटी सोडू नये व त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

१० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६, रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या फलकावर लिहून उपयोग नाही, तेथे आया जात नाहीत. पोषण आहार शिजतो त्या खोलीच्या दारावर, मुलांना न्यायला येणाऱ्या बायका जेथे टेकतात तेथे, खडूने मोठ्या अक्षरांत लिहावा. पावसाने पुसला की पुन्हा लिहावा. शिक्षिकांनी तो स्वतःच्या वहीतही टिपून ठेवायला हरकत नाही.