डावा पाय मोकळा, डोकं कामाला

ऑटोमॅटिक गाडी म्हणजे आळशी माणसाची गाडी, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. त्यातून गाडी दमदार असेल तर विचारूच नका. "एवढं इंजिन आणि गिअर स्वतः टाकायचे नाहीत? मग मजा काय?" सुरतला माझ्या काकांना हा प्रश्न नेहमी ऐकावा लागतो. त्यांच्याकडे फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे, सेकंडहँड घेतलेली. काकांची अट होती, गाडीत दम हवा. मावशीची अट होती, क्लच नको. तिच्या डाव्या गुडघ्याची झीज झालीये. रिंग रोडवर, कपडा मार्केटसमोर, दर दहा पावलांवर क्लच दाबणं तिला जमण्यासारखं नव्हतं. ती नर्स आहे. रात्रपाळीला सोडायला रोज कोण येणार? म्हणजे आमच्या घरी हा गिअरबॉक्स चैनीचा विषय नाही, तिच्या नोकरीचा आहे. तो टिकलाच पाहिजे. सुट्टीत तिथे गेले की मीही ही गाडी चालवते. आत नेमकं काय चालतं ते मी समजून घेतलं, ते तुम्हाला सांगते.

"ऑटोमॅटिक" या एका शब्दाखाली निदान तीन वेगळी यंत्रं येतात. पहिलं एएमटी. हा साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मोटर किंवा पंप करतो. स्वस्त पडतो, पण गिअर बदलताना मान किंचित पुढे जाते. दुसरं टॉर्क कन्व्हर्टर. दोन पंखे समोरासमोर ठेवा, एक चालू करा. वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिन आणि गिअर यांच्यात घासणारं काही नसल्यामुळे ट्रॅफिकमध्ये हा शांत राहतो.

तिसरं यंत्र म्हणजे ड्युअल क्लच. पोलोतल्या डीएसजीची जात हीच. यात क्लच दोन असतात. एकाकडे १, ३, ५, ७ हे गिअर. दुसऱ्याकडे २, ४, ६ आणि रिव्हर्स. तुम्ही तिसऱ्यावर असता तेव्हा दुसऱ्या बाजूला चौथा आधीच लागून तयार असतो. वेळ आली की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा पकडतो. उधना-पांडेसराच्या लूम कारखान्यांत एक पाळी सुटते तेव्हा दुसरी दारात उभी असते, माग थांबत नाही. अगदी तसंच. जोर मध्ये तुटत नाही, म्हणून गाडी सलग पळते.

ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच इंजिनिअर अडॉल्फ केग्रेस यांनी ती १९३९ च्या सुमारास मांडली. १९८० च्या दशकात पोर्शने ती रेसिंगच्या गाड्यांत वापरली, आणि २००३ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ आर-३२ मधून ती रस्त्यावरच्या गाडीत आली. भारतात २०१३ मध्ये चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआयही ती घेऊन आली: १.२ लिटर टर्बो इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, सात गिअर. शून्य ते शंभर ९.७ सेकंदांत, असा कंपनीचा दावा होता. आज हे आकडे मोठे वाटत नाहीत, पण छोट्या हलक्या गाडीत ते पाठीला चांगलेच जाणवतात.

आता दुखरी जागा. पोलोचे दोन्ही क्लच कोरडे आहेत, म्हणजे तेलात बुडालेले नाहीत. ऑक्टाव्हिया आरएस-२३० सारख्या जास्त ताकदीच्या गाडीत ते तेलात असतात. तेल उष्णता वाहून नेतं. कोरड्या क्लचला थंड करायला फक्त हवा. जोराचं त्याला भय नाही. तो २५० न्यूटन-मीटरपर्यंत पेलतो, आणि पोलोचं इंजिन त्याच्या बरंच आत आहे. त्याला भय आहे तापण्याचं. २०१३ मध्ये तर फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख सात-गिअरी डीएसजी गाड्या तेल बदलायला परत बोलावल्या. उष्ण, दमट हवेत सिंथेटिक तेलामुळे विजेचा बिघाड होऊ शकत होता, म्हणून त्या जागी मिनरल तेल घातलं. सुरतचा मे महिना ज्याने काढलाय त्याला "उष्ण, दमट" हे शब्द समजावून सांगायला नकोत.

तो तापतो कसा? ब्रेक सोडला की डीएसजी गाडी हळूहळू पुढे सरकते. त्या वेळी क्लच अर्धवट घासत असतो, मॅन्युअलमध्ये आपण अर्धा क्लच धरतो तसाच. फरक एवढाच की तो आपल्या पायाला कळत नाही. तुम्ही ब्रेकवर नुसता पाय टेकवून इंच-इंच सरकत राहिलात तर क्लच सारखा घासतो. ब्रेक पूर्ण दाबलात तर तो सुटतो आणि विश्रांती घेतो. म्हणून आमच्या घरचे नियम असे:

पुढच्या टेम्पोला चिकटायचं नाही. दोन गाड्यांची जागा होऊ द्यायची, मग एकदाच सरळ पुढे जायचं आणि पूर्ण थांबायचं.

फ्लायओव्हरच्या चढावर गाडी ॲक्सिलरेटरने तोलून धरायची नाही. सुरतेत पुलांना तोटा नाही, आणि चढावरची ही सवय क्लच सर्वांत लवकर खाते. ब्रेक धरा, निघताना हिल होल्ड गाडी क्षणभर सांभाळतो.

फारच कोंडी असेल तर मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर धरून ठेवायचा. एक-दोन-एक-दोन ही अदलाबदल थांबते.

पार्क करताना आधी हँडब्रेक, मग पी. नाहीतर गाडीचा सगळा भार आतल्या एका छोट्या खिट्टीवर येतो.

आणि डावा पाय फूटरेस्टवर. मॅन्युअलची सवय असलेला पाय गडबडीत क्लच शोधतो, सापडतो ब्रेक, आणि मागचा रिक्षावाला आपल्या सात पिढ्या काढतो.

मग मजेचं काय? ती हायवेवर. डी मोडमध्ये गिअरबॉक्स पेट्रोल वाचवायला लवकर वरचे गिअर टाकतो. एनएच-४८ वर नवसारी सोडल्यावर ट्रकला ओव्हरटेक करताना अचानक पाय दाबलात तर त्याला आधी खालचा गिअर शोधावा लागतो, आणि तो अर्धा-एक क्षण फार लांब वाटतो. उपाय सोपा आहे: ओव्हरटेक करायचं ठरलं की लिव्हर आधी एस वर घ्यायचा. आता तो खालचा गिअर धरून बसतो, आणि ॲक्सिलरेटर दाबताच गाडी उडी घेते.

मला वाटतं, "मजा काय?" याचं उत्तर इथेच आहे. हा गिअरबॉक्स म्हणजे आपलं वाक्य पुरं व्हायच्या आत पुढचा शब्द ओळखू पाहणारा श्रोता. आपण स्पष्ट बोललो तर तो अचूक ओळखतो. अडखळलो, अर्धवट बोललो, तर तोही गोंधळतो आणि झिजतो. मॅन्युअलमध्ये कौशल्य पायात असतं. इथे ते पुढचा रस्ता वाचण्यात असतं. काम कमी होत नाही, ते पायातून डोक्यात जातं.

आळशी माणसाला ही गाडी झेपणार नाही. मावशीला झेपते. रात्री साडेसातला ती एकटी गाडी काढते, पहिल्या फ्लायओव्हरवर ब्रेक पूर्ण दाबून थांबते, आणि पाळी सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी वॉर्डात पोचलेली असते.