युरिया टाकूनही पानं पिवळीच? गंधक कमी असू शकतो

नंदुरबार म्हटलं की आधी लाल मिरची आठवते. तिच्या जोडीला कापूस, ज्वारी आणि भौगोलिक मानांकन मिळालेली नवापूरची तूरडाळ. यातलं कुठलंही पीक पिवळं पडलं की हात आधी युरियाच्या गोणीकडे जातो. नत्र कमी असेल तर फरक पडतोही. पण गंधक कमी असेल तर युरियाचा पैसा वाया जातो. असं का होतं, ते समजून घेऊ.

मुळाशी काय घडतं?

दुकानात मिळणारी पिवळी गंधक पावडर रोपाला थेट घेता येत नाही. जमिनीतले जिवाणू आधी तिचं सल्फेट करतात, आणि त्याला वेळ लागतो. पाण्यात विरघळलेलं हे सल्फेट मुळाच्या पेशीपर्यंत पोहोचतं. पेशीच्या आवरणात त्याच्यासाठी प्रथिनांची खास दारं असतात. ती उघडायला रोप स्वतःची ऊर्जा खर्च करतं. आत आलेलं थोडं सल्फेट पेशीतल्या साठवणीच्या पोकळीत राहतं, बाकीचं पाण्याबरोबर पानांकडे चढतं.

पानातला कारखाना

खरं काम पानाच्या हरितलवकात होतं, म्हणजे जिथे सूर्यप्रकाशावर अन्न बनतं तिथेच. सल्फेटमध्ये गंधकाच्या एका अणूला ऑक्सिजनचे चार अणू चिकटलेले असतात. एन्झाइम आधी त्याला एटीपीच्या मदतीने कामाला तयार करतात. मग टप्प्याटप्प्याने आठ इलेक्ट्रॉन देऊन त्याचं सल्फाइड करतात. सल्फाइड जास्त साठलं तर पेशीला विषारी ठरतं. म्हणून ते लगेच सेरीन या अमिनो आम्लापासून बनलेल्या सांगाड्याला जोडलं जातं. तयार होतं सिस्टीन. त्यापासून पुढे मेथिओनिन बनतं.

सेरीनच्या सांगाड्यात नत्र असतं. म्हणजे प्रथिन बनवायला नत्र आणि गंधक दोन्ही लागतात. विटा भरपूर आणि सिमेंट नाही, तर भिंत उभी राहत नाही. तसंच गंधकाशिवाय नुसत्या युरियाने प्रथिन बनत नाही.

जाता जाता एक गंमत. कांदा-लसणाचा उग्र वास गंधकाचाच, पण मिरचीच्या तिखटपणाशी गंधकाचा संबंध नाही. तो आणणाऱ्या कॅप्सेसिनमध्ये गंधक नसतो.

ओळखायचं कसं?

- नत्र कमी असेल तर खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतात. कारण रोप त्यांच्यातलं नत्र काढून नव्या पानांना देतं.
- गंधक असा सहज हलत नाही. त्यामुळे शेंड्याकडची नवी पानं आधी फिकी पडतात, शिरांसकट.
- नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील, तर संशय लोहाच्या कमतरतेचा.

हा फक्त अंदाज. रोग आणि किडीनेही पानं पिवळी पडतात. खात्री माती परीक्षणानेच होते. जमीन आरोग्य पत्रिकेत गंधकाचा रकाना असतो, तो जरूर बघा.

कमतरता येते कुठून?

प्रत्येक पीक जमिनीतून गंधक उचलून नेतं. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये सुमारे 11 टक्के आणि अमोनियम सल्फेटमध्ये सुमारे 23 टक्के गंधक असतो. साध्या युरियात तो नसतो आणि डीएपीत जवळपास नसतोच. वर्षानुवर्षं फक्त हीच दोन खतं दिली, तर शेतातून गेलेला गंधक परत येत नाही.

हा प्रश्न ताटापर्यंत येतो

सल्फेटपासून सिस्टीन बनवणं माणसाला जमत नाही. मेथिओनिनही आपलं शरीर तयार करू शकत नाही, ते अन्नातूनच मिळतं. डाळींमध्ये ते मुळातच कमी असतं, आणि जमिनीत गंधक कमी पडला तर दाण्यात आणखी घटतं. ज्वारीत लायसिन कमी, तर तुरीत ते भरपूर. म्हणूनच भाकरी आणि वरण एकमेकांची उणीव भरून काढतात. कुपोषणाशी झुंजणाऱ्या नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ही जोडी मोलाची आहे.

तेव्हा पुढच्या वेळी पीक पिवळं दिसलं, तर गोणी उघडण्याआधी एकच गोष्ट बघा: पिवळेपणा बुडाकडून सुरू झाला की शेंड्याकडून?